न्यू फॉरेस्टच्या अ‍ॅजिस्टर साहेबांना मनापासून थँक्यू

साहेब, तुम्हाला मराठी येत नाही, लेक हे इंग्रजी करून तुमच्यापर्यंत पोचवेल. पण मनातलं मला मराठीतच नीट सांगता येतं, आणि इथे साउदॅम्प्टनला आपली एवढी माणसं आहेत, त्यांनीही वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, न्यू फॉरेस्ट म्हणजे साउदॅम्प्टनजवळचं जंगल आणि माळरान, आणि अ‍ॅजिस्टर म्हणजे तिथे मोकळ्या चरणाऱ्या जनावरांवर देखरेख ठेवणारा माणूस.

गाय वाचली हे कळल्यापासून डोळ्याचं पाणी थांबत नाहीये.

ब्यूली रोड स्टेशनपलीकडच्या माळावर जानेवारीत काय असतं, तपकिरी झालेली हेदरची झुडपं, गॉर्सची काटेरी झुडपं आणि पायाखाली दलदल. बरेच मालक थंडीत गुरं घरी नेतात पण काही कळप बाहेरच चरतात. ही गाय एकटी लांब उभी होती, मान खाली, रवंथ नाही, अंगावरचे केस उभे. मी माणदेशात गुरांमध्येच वाढले, मला लगेच खटकलं. पण ऐकतंय कोण! एकजण म्हणाला जंगली आहेत, त्यांचं ते बघतील. अहो जंगली कुठली, तिथल्या प्रत्येक गाईला, घोड्याला मालक आहे, गाईच्या तर कानात बिल्ला आहे! फोन केला तर हे आमचं काम नाही, दुसरीकडे करा, आणि दुसरीकडेही तेच. आपल्यातलंच एक कुटुंब तिला पोळी भरवून फोटो काढत होतं, पुण्य मिळतं म्हणे. आजारी जनावराच्या तोंडात पोळी कोंबून कसलं पुण्य? तिथे जनावरांना खायला घालायला बंदी आहे ती उगाच नाही, पोट बिघडतं आणि गाड्यांजवळ यायची सवय लागून रस्त्यावर मरतात बिचारी.

मग तुम्ही आलात. पहिला प्रश्न काय तर, तुम्हाला काय वेगळं दिसलं? आणि मी मोडक्या इंग्रजीत सांगत होते ते मधे न तोडता शेवटपर्यंत ऐकून घेतलंत.

पुढचं सगळं तुम्ही आणि मालकाने केलं, ते मी लिहीत बसत नाही. पण एक गोष्ट डोळ्यासमोरून जातच नाही. चार वाजून गेले होते, अंधारून आलेलं, बोचरा वारा, आणि तुम्ही हातमोजा काढून उघडा हात तिच्या कानाच्या मुळाशी ठेवलात, ती बुजू नये म्हणून काहीतरी पुटपुटत, बराच वेळ. कान गार पडलेत का ते आमचे आबा अगदी असंच बघायचे. नंतर मला म्हणालात, तुम्हीही हात लावून बघा. त्या क्षणी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला या देशात परकं वाटलं नाही.

अशी माणसं कुठेही असोत, दुसऱ्याचं जनावर असलं तरी थंडीवाऱ्यात थांबतात आणि समोरच्याला वेड्यात काढत नाहीत. एवढं जरी सगळ्यांना जमलं तरी खूप आहे हो.

आबांना फोनवर सगळं सांगितलं, त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. आणि बेसनाचे लाडू केलेत, रविवारी लिंडहर्स्टला आणून देते, नाही म्हणू नका.