मोत्याच्या प्रवासाची तयारी

ती. आई-बाबा,

सा. नमस्कार.

मोत्याला घेऊनच येणार, असं आईने फोनवर बजावलं तेव्हाच मी वाद घालणं सोडून दिलं. या. फक्त तिकिटं काढायची घाई करू नका. त्याच्या कागदपत्रांना तुमच्या व्हिसापेक्षा जास्त वेळ लागणार आहे.

बाबा, क्रम तेवढा सांभाळा. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. चिपच्या आधी टोचलेली लस इथे युरोपात धरत नाहीत. ती याच कुत्र्याला टोचली कशावरून? त्यामुळे मोत्याची यंदाची लस या कामी बाद. नव्या लशीनंतर किमान 30 दिवसांनी, ती लागू पडली का हे बघायला, रक्त घ्यायचं, ते युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासायला पाठवायचं. अहवाल चांगला आला, तरी रक्त घेतल्या तारखेपासून 3 महिने थांबायचं. चिपचा 15 आकडी नंबर प्रत्येक कागदावर स्वतः ताडून बघा. एक आकडा चुकला की विमानतळावर मोत्या हा मोत्या राहत नाही! सरकारी पशुवैद्यकाचा दाखला अगदी शेवटी घ्या, कारण त्याच्या तारखेपासून 10 दिवसांत इथे पोचावं लागतं.

आई, विमानातल्या पिंजऱ्याचं खातं तुझ्याकडे. त्यात त्याला नीट उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. आत्ताच आणून दार उघडं ठेवून मांड. त्याची रोजची चादर आत घाल, धुवू नकोस. जेवण आतच दे. सवय झाली की दार मिनिटभर लाव आणि तो कुंईकुंई करायच्या आत उघड. रडल्यावर उघडलंस तर रडलं की सुटका होते, एवढंच तो शिकेल. तुझ्याच्याने ते बघवणार नाही, तेव्हा त्या वेळी बाबांना बसव.

झोपेची गोळी मात्र द्यायची नाही, कुणी कितीही सुचवली तरी. गुंगीत रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, आणि विमानाच्या पोटात त्याच्याकडे बघायला कुणी नसतं. कित्येक विमान कंपन्या गुंगीतला कुत्रा घेतच नाहीत.

खरं तर या सगळ्याआधी त्याचं हृदय तपासून घ्या. वय झालंय त्याचं. डॉक्टर नको म्हणाले तर हट्ट धरू नका, मीच रजा काढून तिकडे येईन. आणि हो, त्याला परत नेतानाचे नियम वेगळे असतात, तेही निघण्याआधीच विचारून ठेवा.

चिप कधी बसवताय ते कळवा. पुढच्या तारखा मी मांडून पाठवते.

तुमची,
लेक