अश्वगंधा घेणार असशील तर

प्रिय अविनाश,

अंथरुणाला पाठ टेकली की डोक्यात हिशेब सुरू होतात, झोप लागायला तास जातो, आणि आता कुणीतरी अश्वगंधा सुचवलीय, असं तू लिहिलंस. सल्ला वाईट नाही. फक्त तिला झोपेची गोळी समजू नकोस. रात्री घेतली आणि त्याच रात्री घोरलो, असं होत नाही. आधी दिवसभराचा ताण थोडा उतरतो, झोप त्यामागून सुधारते. 2012च्या एका चाचणीत 64 जण होते; त्यातल्या एका गटाला मुळांचा अर्क 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 60 दिवस दिला होता. त्या गटात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, सुमारे 28 टक्क्यांनी उतरलं. झोपेवरच्या पाच चाचण्या 2021मध्ये एकत्र तपासल्या गेल्या, माणसं 400. परिणाम छोटाच, पण होता. रोज 600 मिलिग्रॅम आणि निदान आठ आठवडे घेणाऱ्यांत जास्त दिसला. तेव्हा पहिल्या आठवड्यातच निकाल लावू नकोस.

हे आकडे अर्काचे आहेत हं. चूर्ण 300 मिलिग्रॅम घेऊन काही व्हायचं नाही. चूर्णाची मात्रा 3 ते 6 ग्रॅम. तू 3 पासून सुरू कर.

तयार चूर्णापेक्षा काष्ठौषधींच्या दुकानातून अख्खं मूळ आण. आपल्याकडे येणारा बराच माल मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडचा असतो. करंगळीएवढं जाड, वाकवलं की कट्कन मोडणारं, आतून पांढरंशुभ्र पिठूळ मूळ चांगलं. चिवट, काटकुळं, आतून पिवळट असेल तर परत कर. उग्र वास यायलाच हवा. चूर्ण हिरवट दिसलं तर पानं मिसळली आहेत असं समज. पानांत विदाफेरिन-ए हे पेशींना घातक ठरू शकणारं द्रव्य जास्त असतं, आणि आयुष मंत्रालयाने 2021मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलंही आहे. डब्यावर ‘मूळ’ लिहिलेलं नसेल तर घेऊच नकोस.

औषध दुधात उकळून घ्यायचं, त्याला क्षीरपाक म्हणतात. शास्त्रातलं प्रमाण म्हणजे औषधाच्या आठपट दूध आणि दुधाच्या चौपट पाणी. 5 ग्रॅमला 40 मिलिलिटर दूध, 160 पाणी. तुझ्या 3 ग्रॅमला 24 आणि 96. कुटलेल्या मुळाची भरड थंड पाण्यातच कालव, मग दूध घाल; उकळत्या दुधात टाकलीस तर पिठामुळे गुठळ्या होतात आणि तळाला लागतं. मंद आच, झाकण नको, ढवळत राहा. पाणी आटून दुधाएवढं उरलं की गाळ. वरून अर्धा चमचा तूप. जेवणानंतर तासाभराने घे. भरल्या पोटावर लगेच घेतलंस तर जड वाटतं, गॅस होतो, काहींना जुलाबही होतात. एखाद्याला उलट तरतरी येते, तसं झालं तर सकाळी घे.

चव सुधारायला जायफळ घालायचं असेल तर सहाणेवर दोन वेढे, बस्स. चमचाभर जायफळ म्हणजे काही तासांनी धडधड, कोरडं तोंड आणि भास. ‘नैसर्गिकच आहे’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं.

आता तुझ्या थायरॉइडच्या गोळीबद्दल. अश्वगंधेने थायरॉइडचे हार्मोन वाढू शकतात; गोळी चालू असताना डॉक्टरांना न विचारता सुरू करू नकोस, त्यांनी हो म्हटल्यावर सुरू केलीस तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घे. छाती धडधडली, हात थरथरले तर तपासणीची वाट न पाहता थांब. झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढते. घरात कुणी गरोदर असेल तर तिला देऊच नका.

यकृताला त्रास झाल्याची प्रकरणंही नोंदली आहेत. क्वचित होतं, पण खूण ओळखून ठेव: अंगाला खाज, गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बंद, आणि यकृताची रक्ततपासणी.

मनाचं म्हणशील तर काही जण ‘राग येत नाही, पण आनंदही फिका वाटतो’ अशी तक्रार करतात. तसं वाटलं तर सोडून दे. आणि दोन महिन्यांत काहीच फरक नसेल तर मात्रा वाढवत बसू नकोस. झोप का येत नाही, ते डॉक्टरांकडून बघून घे.

टीएसएचचा शेवटचा आकडा किती होता ते कळव.

तुझा,
मुकुंद