ती. आई-बाबांस, शनिवारच्या वर्गाला जाण्याआधी

नेरूळ, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं आई त्यांना ओरडून सांगते, म्हणून लिहूनच पाठवते. किसननगरच्या युवा केंद्रात शनिवारी मुलांना शिकवायला दोघांनीही जायचं ठरवलंय ना, मग आधी कागदांचं बघा. आधारची प्रत, दोन फोटो, नात्यातल्या नसलेल्या दोन ओळखीच्या माणसांची नावं आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. अर्ज ऑनलाइन असतो, तो मी इथून भरते. मूळ कागद घेऊन पोलीस ठाण्यात मात्र तुम्हालाच जावं लागेल. बाबा, "या वयात माझं चारित्र्य तपासणार?" असं तिथे म्हणू नका. मुलं चौदा ते अठरा वयाची आहेत, सगळ्यांचंच तपासायला हवं.

पहिले चार शनिवार काही शिकवायचं नाही. मागे बसायचं, नावं पाठ करायची, चटया घालायला मदत करायची. राष्ट्रीय सेवा योजनेतली कॉलेजची मुलं येतात, त्यांना दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. तास भरले की त्यांच्या परीक्षा येतात आणि ती दिसेनाशी होतात. त्यांचा दोष नाही, पण वस्तीतल्या मुलांना आता सवय झालीय: नवीन माणूस आला की तो किती दिवस टिकतो ते बघायचं, तोवर तोंड उघडायचं नाही. तेव्हा आठवड्याला दोन तास, निदान मार्चपर्यंत, एवढं जमणार असेल तरच हो म्हणा. आईचे गुडघे आणि गावाकडची लग्नं हिशेबात धरून म्हणा. आधी सांगून घेतलेली सुट्टी चालते, न सांगता बुडवलेला शनिवार नाही.

आई, तुझ्याकडे दहावीचं गणित येईल. तू लगेच बीजगणिताचं पुस्तक उघडशील, ते नको. पोरं अडतात ती पाचवीच्या अपूर्णांकांत. १/२ आणि १/३ मिळवायला दे, निम्मी वही २/५ लिहून दाखवील. वर वर, खाली खाली मिळवून मोकळी. चौकटींच्या कागदाची बारा घरांची पट्टी काप. निम्मी घरं सहा, तिसरा हिस्सा चार, मिळून बारातली दहा, म्हणजे ५/६. पट्टी हातात असताना दोनदा केलं की छेद सारखा का करायचा ते आपोआप कळतं. एका वेळी सहाच मुलं घे. दहा झाली की मागची चार नुसती उतरवून घेतात, आणि उतरवलेलं नीटनेटकं असल्यामुळे आपण फसतो.

बाबा, आयटीआयला जाऊ पाहणाऱ्या मुलांना तुमचा व्हर्नियर, तो बारीक मापं घ्यायचा जबड्यांचा कॅलिपर, दाखवा. १५० मिलिमीटरचा जुना चालेल, डिजिटल नको. त्यात आकडा आयता दिसतो, शिकायला काही उरत नाही. आधी साधी स्टीलची पट्टी, मग व्हर्नियर. सरकत्या पट्टीचे पन्नास भाग एकोणपन्नास मिलिमीटरमध्ये बसवलेत म्हणून लघुतम माप ०.०२ मिलिमीटर, हे त्यांना स्वतः मोजून काढू द्या. चुका ठरलेल्या: जबडे मिटून शून्य न तपासणं, तिरकं बघून वाचणं, आणि जोर लावून दाबणं. टूलरूममधल्या गोष्टी दहा मिनिटांच्या वर नकोत, कृपा करून.

दाखल्यांचं काम कुणालाच आवडत नाही, पण मुलांचं वर्ष वाया जातं ते इथेच. प्रवेशाला जातीचा दाखला लागतो हे निकालानंतर जूनमध्ये आठवतं, तेव्हा सेतूत, म्हणजे दाखले मिळतात त्या सरकारी केंद्रात, रांग असते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. कुटुंब मराठवाड्यातून आलेलं असेल तर तो आजोबांच्या शाळेत किंवा गावच्या दप्तरात असतो, ठाणे शहरात नव्हे. म्हणून दिवाळीला गावी जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात काय आणायचं त्याची चिठ्ठी द्यायची. आई, हे तू कर, तुझं अक्षर लागतं.

गुरुपौर्णिमेनंतर हजेरी पडली तर मनाला लावून घेऊ नका. गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो, मोठी मुलं तिकडे. वर्ग सहाच्या ठोक्याला संपवायचा, कारण नंतर मुलींना पाणी भरायचं असतं. एकदा उशीर झाला की पुढच्या आठवड्यात घरचे पाठवत नाहीत.

आता न आवडणारं. एकट्या मुलासोबत दार लावून बसायचं नाही, आजोबांसारखे असलात तरी. घरी बोलवायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत (बाबा!), फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायचे नाहीत. आणि कुणी "कुणाला सांगू नका हं" म्हणून काही सांगायला लागलं, तर तसा शब्द द्यायचा नाही. लैंगिक छळाचं काही असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, तपास पोलिसांचा. ऐकायचं, मुलाचेच शब्द त्याच दिवशी लिहून ठेवायचे, केंद्रप्रमुखांना सांगायचं. ते जागेवर नसतील तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर, चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.

चरईहून रिक्षाने जा, साडेतीनला निघा. केंद्र तळमजल्यावर आहे, पण बसायला चटया आहेत, खुर्ची एकच. ती आईला मिळेल असं मी सांगून ठेवलंय. खाऊ न्यायचाच असेल तर केळी न्या. चिक्कीतले शेंगदाणे एका मुलीला चालत नाहीत.

तुमची,
मनू