काका, त्या बाटलीतल्या अँटेनांसाठी

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

शनिवारी 1965 च्या भारत-पाक युद्धातली असल उत्तरची लढाई, प्लॅस्टिकच्या छोट्या रणगाड्यांनिशी, आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर झाली. तुमच्या तोफेच्या नळ्या लावलेले दोन्ही पॅटन, म्हणजे पाकिस्तानचे रणगाडे, उसात रुतले. रुतायलाच हवे होते.

घरी येऊन फोन हातात घेतला होता, पण बोलताना आवाज धड राहणार नाही असं वाटलं, म्हणून लिहितोय. आणि चारचौघांत लिहितोय, कारण तुम्ही जे केलंत ते चारचौघांना कळायला हवं.

1965 चं युद्ध मी कितीतरी वर्षं शिकवतो आहे. असल उत्तरला शत्रूने 97 रणगाडे गमावले हा आकडा पोरं पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. पण आमचा कराडचा भाग उसाचा. पाणी दिलेल्या फडात ट्रॅक्टर घातला की काय होतं, हे इथल्या पोराला सांगावं लागत नाही. खेमकरणजवळच्या उसात आपल्या लोकांनी पाणी सोडलं, घोड्याच्या नालेसारखी तीन बाजूंनी फळी धरली आणि 45 टनांचे पॅटन त्या चिखलात येऊ दिले. हे टेबलावर मांडलं तर पोरांना आपोआप कळेल, एवढाच माझा विचार होता. काथ्याची पायपुसणी हिरवी रंगवून ऊस केला. फासा टाकायचा, 1 किंवा 2 पडला की रणगाडा रुतला.

जोडायचे रणगाडे 1/72 चे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या मापाचे घेतले. मोठ्या 1/35 च्या एका किटच्या पैशांत यातले दोन-तीन येतात, आणि आपला शर्मन रणगाडा जेमतेम आठ सेंटिमीटरचा असल्यामुळे अख्खी लढाई एका टेबलावर मावते. सहा पॅटन, चार शर्मन आणि जीपवरच्या तोफेने पॅटन फोडणाऱ्या अब्दुल हमीद यांच्यासाठी एक जीप. पैसे शिक्षकांनी वर्गणी काढून जमवले होते, म्हणून घरी खोकी उघडल्यावर पोटात खड्डाच पडला. दोन पॅटनना तोफेच्या नळ्याच नव्हत्या.

दुकानदार म्हणाला, उघडलेला माल परत घेत नाही, आणि खेळणंच आहे ना, चालवून घ्या. दुसऱ्या विक्रेत्याने फोटो मागवले. मी सात फोटो पाठवले, त्यानंतर त्याचं उत्तर आलं नाही. अशी मॉडेलं जोडण्याच्या छंदातल्या दोन जाणत्या माणसांना विचारलं. एकाने सांगितलं, एवढ्या लहान मापात काम करण्यात अर्थ नाही. दुसऱ्याने विचारलं, फासे टाकून खेळायच्या वस्तूला नळी कशाला हवी? काका, माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आजोबा त्या युद्धात होते. नळी नसलेला रणगाडा मी त्याच्यापुढे कसा ठेवणार होतो?

मग पुण्याला तुमच्याकडे आलो. ओळख ना पाळख, तरी आधी चहा दिलात आणि मग खोकं उघडलंत.

तुम्ही त्या दोन नळ्या पाच मिनिटांत करून हातावर ठेवू शकला असता. त्याऐवजी मेणबत्ती लावलीत आणि भाग तोडून घेतल्यावर उरलेली प्लॅस्टिकची काडी माझ्या हातात दिलीत. ज्योतीच्या वर धरायची, ज्योतीत नाही. बोटांत फिरवत राहायची. चकाकी आली, मधे जरा लवली, की बाजूला घ्यायची, मनात दोन आकडे मोजायचे आणि सावकाश ओढायची. न मोजता ओढली तर केसासारखी बारीक होते. मोजून ओढली तर बुडाशी जाड आणि टोकाला निमुळती होते, तोफेच्या नळीला हवी तशीच.

माझी पहिली गेली. दुसरी, तिसरी, चौथीही गेली. प्रत्येक वेळी हातात काळ्या केसासारखा तंतू. मी ते गोळा करून कागदात गुंडाळायला लागलो, टाकून द्यायला. तुम्ही माझा हात धरलात आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली पुढे केलीत. "टाकू नका मास्तर, हे अँटेना आहेत." एकेक तंतू उचलून, ब्लेडने तीन-तीन सेंटिमीटरचा कापून, त्या बाटलीत घालत राहिलात. माझी नळी सातव्या खेपेला जमली, तोवर बाटलीत शर्मनना पुरून उरतील एवढे अँटेना झाले होते.

नळ्यांबद्दल आभार आहेतच. पण मी रोज ती बाटली आठवतो. गेल्या आठवड्यात एका मुलीचा नकाशा चुकला, तिने कागद चुरगळला, आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, "टाकू नको, यातली नदी बरोबर आहे."

निघताना तुम्ही ट्रॅकची, म्हणजे रणगाड्याच्या चाकांवरच्या पट्ट्यांची युक्तीही सांगितलीत. जुन्या किटचे रबरासारखे ट्रॅक साध्या सिमेंटने, म्हणजे प्लॅस्टिक जोडायच्या गोंदाने, चिकटत नाहीत, ते तापवलेल्या स्क्रू ड्रायव्हरने दाबून जोडायचे. माझ्या पिशवीत अर्धी बाटली सिमेंटही टाकलीत. पैसे विचारले तर हात जोडलेत. ज्यांच्याकडे विद्या आहे आणि ती दुसऱ्याला देताना ज्यांच्या चेहऱ्यावर आठी येत नाही, अशा माणसांवर छंदही टिकतात आणि शाळाही. मी आजवर अशी फार थोडी माणसं पाहिली. तुम्ही त्यातले आहात हे तुम्हाला कोणी सांगितलं असेल-नसेल, मी सांगतो.

शनिवारी कोणी टेबलाला धक्का दिला की शर्मनवरचे अँटेना थरथरायचे. ज्या मुलाचे आजोबा लढले होते, तो बराच वेळ खाली वाकून फक्त तेच बघत होता. मग त्याने विचारलं, हे कशाचे केलेत सर? मी त्याला मेणबत्ती आणि काडी दिली. त्याचे पहिले तीन तंतू तुमच्याच बाटलीत ठेवलेत.

पुढच्या वर्षी आपले सेंच्युरियन रणगाडे करायचे आहेत. दिवाळीनंतर पुण्याला येतो, गुऱ्हाळावरची ताजी काकवी घेऊन. नको म्हणू नका.

तुमचा,
कराडचा मास्तर