चिंतेचे सगळे प्रकार सारखे नसतात

संपादक महोदय,

चिंतेविषयीच्या लेखांत बहुतेक वेळा सगळे सरसकट एकाच खात्यात जमा होते, हे मनापासून खटकते. 'नोकरी गेली तर? मुलांचे कसे होणार?' असे रात्रभर डोक्यात चालणारे दळण वेगळे आणि छातीत धडधड, तळहातांना घाम, श्वास अपुरा पडणे वेगळे. मानसशास्त्रज्ञ हा भेद कित्येक वर्षांपासून मानतात. पहिली चिंता बरीचशी शब्दांतूनच चालते. काही अभ्यासांत तिचा संबंध मेंदूच्या डाव्या पुढच्या, भाषेशी निगडित भागाशी दिसला, तर दुसरीचा उजव्या गोलार्धाशी. मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून पुढे आलेले 'डिफॉल्ट मोड नेटवर्क', म्हणजे मेंदूच्या काही भागांचे जाळे, आपण हातात काही काम नसताना, स्वतःविषयी विचार करताना अधिक सक्रिय असते. शरीराच्या आतल्या खुणा टिपणारा इन्सुला हा मेंदूचा भाग मात्र वेगळ्या जाळ्यातला.

अर्थात हे गटांच्या सरासरीचे निष्कर्ष आहेत. एका माणसाचे स्कॅन पाहून त्याची चिंता कोणती, हे आज सांगता येत नाही. तसा दावा कुणी केला तर विश्वास ठेवू नये. पण 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणण्याआधी 'विचार थांबत नाहीत, की अंग थरथरते?' एवढे तरी घरच्यांनी आणि डॉक्टरांनी विचारावे. अनेकांना दोन्ही त्रास असतात, तेही त्यातूनच कळेल.

– एक वाचक