सांता फेच्या अनोळखी माणसांनो, मनापासून आभार

नाताळात आईला घेऊन आम्ही अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात गेलो होतो. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी तिथल्या सांता फे शहरातला कॅन्यन रोड पायी फिरायचा असतो. भिंतींवर, अंगणाच्या कडेला रांगेने फारोलितो मांडलेले: तपकिरी कागदी पिशवी, तळाशी वाळू, वाळूत खोचलेली मेणबत्ती. आई म्हणाली, "आपल्या पणत्याच की गं!"

पण सुमारे ७,००० फुटांवरच्या त्या थंडीत तिची बोटं पार आखडली. एका दारासमोर पिन्योन नावाच्या पाइनच्या लाकडांची शेकोटी पेटली होती. तिथल्या आजींनी आईला हाताला धरून जवळ बसवलं आणि स्वतःचे लोकरी हातमोजे तिला घातले. मग बडीशेपेसारख्या वासाची, दालचिनी-साखर भुरभुरलेली बिस्कोचितो बिस्किटं पुढे केली आणि लगेच थांबून विचारलं, "यात डुकराची चरबी आहे, यांना चालते का?" आई शाकाहारी. आजी आत गेल्या, सफरचंदाचा गरम रस घेऊन आल्या. त्या एका प्रश्नासाठी तुमचे किती आभार मानू!

दुसऱ्या दिवशी ताओस पुएब्लो या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या गावातलं नृत्य पाहायला निघालो, तर बर्फात गाडी रुतली. पिकअपमधून उतरून, फावड्याने बर्फ उपसून गाडी काढून देणाऱ्या दोघा दादांनो, नाव विचारायचंही राहिलं. "तिथे फोटो काढू नका, मोबाइल खिशातच ठेवा," हे तुम्ही बजावलंत म्हणून आमच्याकडून अनादर झाला नाही.

आजी, तुम्ही हातमोजे परत घेतलेच नाहीत. ते साताऱ्याला आईच्या कपाटात आहेत, तिच्या शालीशेजारी.