प्राजू, मेसला जात जा

चि. प्राजू हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडायला लागलीस की मला काही सुचत नाही आणि मी भलतंच बोलून जाते, म्हणून लिहायला बसले. मामा शनिवारी हैदराबादला येतोय, त्याच्याजवळ देते.

ट्युटोरियलमध्ये तू उभी राहिलीस, पहिलं वाक्य नीट गेलं, दुसऱ्याला अडलीस आणि खाली बसलीस. कोणी हसलं नाही हेही तूच सांगितलंस. तरी "आई, मी परत येते" म्हणालीस. ते मी समजू शकते. पण मग तुझ्या रूममेटने फोन घेतला आणि म्हणाली, "आंटी, ये मेस में आती ही नहीं." टेबलावर सगळे इंग्रजीत बोलतात म्हणून तू खोलीत बिस्किटं खाऊन झोपतेस? दहावीत हिमोग्लोबिन आठवर गेलं होतं, विसरलीस? असो. जेवणाचं काढायचं नाही असं ठरवूनच बसले होते.

तारनाक्याला तुला सोडायला आलो, तेव्हा शेजारचं उस्मानिया विद्यापीठ बघून बाबा म्हणाले होते, हे आबांना दाखवायला पाहिजे होतं. १९१८ साली निघालं, पुढे तिथे डॉक्टरी, इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूत शिकवायचे. आबा काही तिथवर पोचले नाहीत. उदगीरच्या शाळेत उर्दूतून मिडल झाले, तेवढंच. १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि सतरा-अठरा वर्षांच्या आबांना कळेना की आता मराठीत अर्ज लिहायचा कसा. घरात सगळे मराठीच बोलायचे, पण हाताला वळण उर्दूचं. धाकट्या भावाचं पुस्तक घेऊन जोडाक्षरं गिरवली त्यांनी. पुढे तहसीलीत कारकून झाले. मी लहान असताना लोक निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. आबा भिंग लावून वाचायचे, पैसे घ्यायचे नाहीत, चहा मात्र त्या माणसालाच आणायला लावायचे. सही शेवटपर्यंत उजवीकडून डावीकडे. यातून तुला काय सांगायचं होतं, ते राहिलंच बघ.

हां, तुझं इफ्लू, इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ. १९५८ साली ती संस्था मुळात इंग्रजीचे शिक्षक घडवायलाच काढली, असं तूच सांगितलंस. म्हणजे घरी इंग्रजी न बोलणारी माणसं तिथे पहिल्यापासून येतायत. अडखळणारी मुलगी त्यांना नवी आहे होय? आम्हाला एबीसीडी पाचवीत भेटली. २००० पासून सरकारने पहिलीपासून इंग्रजी केलं, म्हणून तुला लवकर मिळालं. पण मिळालं म्हणजे काय, कविता पाठ झाल्या. बोलणार कुणाशी होतीस, मोंढ्यात?

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर ओठांपुढे कागदाची पट्टी धरून दाखवलंस ना, 'पिन' म्हटलं की कागद हलतो आणि 'स्पिन' म्हटलं की हलत नाही. तुझा हलला. मी नंतर कटिंगचा पातळ कागद धरून करून पाहिलं, माझा दोन्ही वेळा गप्प. ब्लाऊज घ्यायला आलेल्या बायका बघत राहिल्या. मग काय, सांगितलं त्यांना, आमची प्राजू हैदराबादला सेंट्रल युनिव्हर्सिटीत हेच शिकते म्हणून. एकीला तर आधी सांगून झालेलं होतं.

तर ऐक. वर्गात पुढच्या बाकावर बस. उद्या वाचायचं ते आदल्या रात्री मोठ्याने वाच. अडलीस तर बसू नकोस, तेच वाक्य पुन्हा सुरू कर. सरांना भेटून विचार. आणि पोटात काही नसेल तर तोंडातून शब्द कुठून येणार? सकाळी नाश्ता, दुपारी भात... झालं, लागले मी शिकवायला. राग मानू नकोस. वर्गात उभं राहून इंग्रजी बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, सांगायला माझं काय जातंय?

बाबा म्हणतात, नसेल जमत तर येऊ दे परत. मी तसं म्हणत नाही. पण सेमिस्टर संपल्यावरही असंच वाटलं, तर गाडीत बसायच्या आधी फोन कर, मी काही बोलणार नाही. खरंच.

धपाटे चार दिवस टिकतील, दही तिथे घे. कारळाची चटणी तिखट झालीय, रूममेटला आधी सांग. निदान एक वेळ मेसला जात जा. कोणी काही विचारलं आणि बोलावंसं वाटलं नाही तर घास मोठा घे, कोण थांबून बघतंय!

रिकामे डबे मामाजवळच परत दे. मागच्या वेळचं मोठ्या डब्याचं झाकण अजून तुझ्याकडेच आहे.

तुझी,
आई